मोठ्यांदा मोजायचा खेळ

संपादक साहेब, नमस्कार.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिलं होतं की पत्त्यांचा कॅट निघाला की घरातलं बोलणं संपतं, प्रत्येकजण आपापल्या हातातल्या पानांत तोंड घालून बसतो आणि त्यामुळे पत्ते काय नि मोबाईल काय, दोन्ही सारखेच. पत्र वाचून मला राहवलं नाही. त्यांनी कुठले खेळ बघितलेत माहीत नाही, काही खेळांबद्दल त्यांचं म्हणणं खरंही असेल, रमीत डोकं खाली घालून बसलेली माणसं मीही बघितलीत. पण मी गेली पंचवीस वर्षं क्रिबेज खेळतेय आणि या खेळाबद्दल कोणी असं म्हटलं तर मी गप्प बसू शकत नाही. कारण क्रिबेज गप्प बसून खेळताच येत नाही हो. तोंड उघडल्याशिवाय एक पॉइंटसुद्धा मिळत नाही.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साधा ५२ पानांचा कॅट आणि एक लाकडी बोर्ड, त्याला रांगेने भोकं पाडलेली आणि त्यात सरकवायला खुंट्या. मुळात दोन माणसांचा खेळ. प्रत्येकाला सहा पानं वाटायची, त्यातली दोन-दोन दोघांनीही उपडी बाजूला टाकायची, ती चार पानं म्हणजे क्रिब, आणि ती क्रिब ज्याने पानं वाटली त्याची. मग समोरच्याने कॅट कापायचा, वरचं पान उलटायचं, ते दोघांच्याही हिशोबात धरायचं. आधी एक-एक पान टाकत ३१ पर्यंत बेरीज करत जायचं आणि वाटेत पॉइंट मिळवायचे, मग हातातली पानं उघडून मोजायची. पंधरा बेरीज झाली की दोन, जोडीचे दोन, ओळीने आलेल्या पानांचे जितकी पानं तितके, असं. जो आधी १२१ गाठेल तो जिंकला. बास, एवढंच. बाकीचे बारकावे खेळता खेळता कळतात, पहिले दोन डाव चुका होतात, तिसऱ्यापासून माणूस रंगतो.

मला हा खेळ माझ्या मामाने शिकवला. मामा व्यापारी जहाजांवर नोकरीला होता, तिथे तो शिकला आणि सुट्टीवर आला की बॅगेतून आधी बोर्ड बाहेर यायचा, मग बाकीचं सामान. मी तेव्हा कॉलेजात होते. मला आठवतंय पहिल्यांदा मी माझे चार पत्ते उघडले आणि म्हटलं, "सहा झाले मामा," तर तो म्हणाला, "असं नाही चालत, मोजून दाखव, मला ऐकू दे." मग मी एकेका पानावर बोट ठेवत म्हटलं, पंधरा दोन, पंधरा चार, जोडी सहा, आणि तो म्हणाला, "आणि?" मी परत बघितलं तर पाच-सहा-सातची रन मी पूर्ण सोडून दिली होती, आणि पंजी दोन होत्या म्हणजे रनही दोन, म्हणजे अजून सहा, एकूण बारा. निम्मे पॉइंट मी टेबलावर सोडले असते. नियमाप्रमाणे तो ते स्वतः घेऊ शकत होता, या खेळात मगिन्स म्हणून एक नियम आहे, समोरचा जे मोजायला विसरला ते आपण ओरडून आपल्या खात्यात घ्यायचं. तो म्हणाला आपण मगिन्स खेळायचं का नाही ते आधी दोघांनी मिळून ठरवायचं असतं, आणि तुझ्याशी मी पहिलं वर्षभर नाही खेळणार. मला हे फार आवडलं होतं. म्हणजे खेळ सुरू व्हायच्या आधीच दोन माणसांनी एकमेकांशी किती कडक वागायचं हे बोलून ठरवायचं.

हे मोठ्यांदा मोजणं हाच माझ्या मते या खेळाचा जीव आहे. तुम्ही पानं उघडी ठेवता, समोरचा ती बघतो, तुम्ही मोजता, तो मनात तुमच्याबरोबर मोजतो, आणि शेवटी तुमचा आकडा आणि त्याचा आकडा जुळला की तो मान हलवतो नि तुम्ही खुंटी पुढे नेता. एका डावात असं आठ-नऊ वेळा होतं, प्रत्येक वेळी दोघांचे हात आणि वर क्रिब. विचार करा, दिवसभरात घरातलं कोण तुमचं बोलणं इतकं लक्ष देऊन, शेवटच्या शब्दापर्यंत ऐकतं? आणि तेही तुमचा फायदा होणार असताना! मी कितीतरी वेळा पाहिलंय, समोरचा स्वतः हरत असताना म्हणतो, थांब, तुझा गुलाम राहिला, कापलेल्या पानाच्या रंगाचा आहे, त्याचा एक घे. दोन पॉइंटनी मागे असलेला माणूस समोरच्याला तिसरा पॉइंट काढून देतो. आमच्या घरात तरी हे रोजचं आहे.

आणि नुसतं मोजणंच नाही. पानं टाकतानाचा जो भाग असतो ना तो म्हणजे सरळ सरळ संवाद आहे. समजा मी सत्ती टाकली, म्हटलं सात. समोरच्याने अठ्ठी टाकली, पंधरा, दोन पॉइंट त्याचे. मी नव्वी टाकली, चोवीस, सात-आठ-नऊ रन झाली, तीन माझे. त्याने छक्की टाकली, तीस, आता चारची रन, चार त्याचे. माझ्याकडे एक्का असेल तर एकतीस म्हणून दोन माझे, नसेल तर मी "गो" म्हणायचं, म्हणजे एकतीसच्या पुढे न जाणारं पान माझ्याकडे नाही, आणि त्याच्याकडेही एक्का नसेल तर अजून एक त्याचा. चार पानांत केवढं सवाल-जवाब झालं बघा! यात कोणी मान खाली घालून बसूच शकत नाही, कारण समोरचा काय बोलला ते ऐकलं नाही तर पुढचा आकडा तुम्ही सांगणार कुठून.

क्रिबची गोष्ट तर मला सगळ्यात गोड वाटते. प्रत्येक वाटणीत तुम्हाला हातातली दोन पानं द्यावी लागतात. क्रिब आपली असेल तेव्हा आनंदाने पंजी टाकायची, जोडी टाकायची. पण क्रिब समोरच्याची असेल तेव्हा काय द्यायचं हा खरा प्रश्न. पंजी तर जन्मात द्यायची नाही, कारण दश्शी, गुलाम, राणी, राजा सगळ्यांची किंमत दहा, म्हणजे कॅटमधली सोळा पानं पंजीची वाट बघत बसलेली असतात. मग राजा आणि छक्की असं काहीतरी एकमेकांशी संबंध नसलेलं द्यायचं आणि मनात म्हणायचं, घे, कर काय करायचं ते. आणि पुढच्याच वाटणीला क्रिब आपली होते, तोच माणूस तसाच विचार करून आपल्याला नको ती दोन पानं देतो. दर हाताला पारडं फिरतं म्हणून रुसवा टिकत नाही. इतक्या वर्षांनी मला मामाच्या टाकलेल्या पानांवरून त्या दिवशी त्याचा मूड कसा आहे ते कळायला लागलंय, वैतागलेला असला की तो हातचं राखून खेळतो, खुशीत असला की जोखीम घेऊन माझ्याच क्रिबमध्ये सत्ती-अठ्ठी शेजारी शेजारी टाकतो.

इतिहासाचं थोडं सांगते, कारण त्यातही मला हीच गोष्ट दिसते. हा खेळ १७व्या शतकातला, इंग्लंडमधला. नॉडी नावाचा एक जुना खेळ होता, त्यातून हा तयार झाला आणि सर जॉन सकलिंग या कवीच्या नावावर तो सांगितला जातो. सकलिंग १६०९ ला जन्मला आणि १६४१ ला गेला, म्हणजे बत्तीस वर्षंच जगला. जॉन ऑब्री म्हणून त्या काळातल्या लोकांची चरित्रं लिहून ठेवणारा एक होता, त्याने लिहिलंय की सकलिंग मोठा जुगारी होता आणि खुणा केलेले कॅट ठिकठिकाणी पाठवून त्याने श्रीमंत लोकांकडून पैसे काढले. म्हणजे सुरुवात अशा माणसापासून. पण खेळाची घडणच अशी की तो पुढे साध्या माणसांच्या टेबलावर जाऊन बसला. सगळं उघडं करून मोठ्यांदा मोजायचं, समोरच्याने तपासायचं, पान वाटणाऱ्याने नाही तर समोरच्याने कापायचं, अशा खेळात विश्वासाला आपोआप जागा होते. ब्रिटनमध्ये १९६८ च्या गेमिंग अ‍ॅक्टमध्ये पबमध्ये खेळायला परवानगी देताना डोमिनोज आणि क्रिबेज ही दोनच नावं घालून मोकळीक दिली होती, यावरून सरकारलाही हा खेळ कुठल्या जातीचा वाटत होता ते समजतं.

दुसऱ्या महायुद्धातली एक गोष्ट मामा नेहमी सांगायचा आणि ती खरी आहे, मी नंतर वाचली. १९४३ साली अमेरिकेची वाहू नावाची पाणबुडी पिवळ्या समुद्रात होती. तिचे कॅप्टन डडली मॉर्टन आणि त्यांचे दुय्यम अधिकारी रिचर्ड ओकेन क्रिबेज खेळत बसले होते. मॉर्टननी पानं वाटली आणि ओकेनना २९ चा हात लागला. हा या खेळातला सगळ्यात मोठा हात, तीन पंज्या आणि गुलाम हातात, आणि कापलेलं पान चौथी पंजी, तीही गुलामाच्याच रंगाची. हे येण्याची शक्यता २,१६,५८० हातांत एकदा. शत्रूच्या समुद्रात, पाण्याखाली, कधी काय होईल माहीत नाही, आणि दोन माणसं बोलून मोजताहेत, पंधरा दोन, पंधरा चार. त्यातला एक कॅप्टन आणि एक त्याच्या हाताखालचा, पण बोर्डावर दोघांच्या खुंट्या सारख्याच उंचीच्या. ओकेन यांच्या नावाचा क्रिबेज बोर्ड अमेरिकेच्या पॅसिफिक ताफ्यातल्या सगळ्यात जुन्या हल्ला-पाणबुडीवर ठेवायची पद्धत आहे, ती पाणबुडी निवृत्त झाली की बोर्ड पुढच्या जुन्या पाणबुडीकडे जातो. मला ही पद्धत फार भावते, एखादी ढाल-तलवार न देता खेळायचा बोर्ड देतात.

बोर्डाचंही एक वेगळंच प्रेम असतं. अलास्कात नोम नावाचं गाव आहे, तिथे १९०० च्या आसपास सोन्याच्या शोधात माणसांची झुंबड उडाली होती, आणि तिथले मूळ रहिवासी वॉलरसच्या सुळ्यांवर कोरून क्रिबेजचे बोर्ड बनवायचे आणि या लोकांना विकायचे. अँगोकवाझुक नावाचा एक कारागीर, त्याला बाहेरचे लोक हॅपी जॅक म्हणायचे, त्याचं काम तर आज म्युझियममध्ये जपून ठेवलेलं आहे. लांबट वाकडा सुळा, त्याच्यावर सील, अस्वलं, शिकारीची चित्रं आणि मधून भोकांच्या रांगा. आमचा बोर्ड साधा लाकडी आहे, एका कडेला भोकं मोठी झालीत, एक खुंटी हरवल्यामुळे तिथे काडेपेटीतली काडी लावतो. पण त्यावर प्रत्येकाच्या दोन-दोन खुंट्या असतात आणि मागची उचलून पुढे ठेवायची असते, म्हणजे तुम्ही आत्ता कुठे आहात आणि एका पावलाआधी कुठे होतात ते दोन्ही सतत समोर दिसतं. कोणी म्हणालं मी किती घेतले, तर भांडायचं कारणच नाही, दोन खुंट्यांमधली भोकं मोजा. कागदावर लिहिलेल्या हिशोबात ही गंमत नाही.

आता मी ज्या कारणासाठी खरं तर हे पत्र लिहायला बसले ते सांगते.

मामा आता एकोणऐंशी वर्षांचा आहे आणि गेल्या सहा-सात वर्षांत त्याचं ऐकू येणं खूप कमी झालंय. मशीन आहे पण गर्दीत त्याचा काही उपयोग होत नाही. चार माणसं एकदम बोलायला लागली की त्याला नुसता गोंगाट ऐकू येतो, कोण काय म्हणालं ते कळत नाही, मग तो हसायच्या जागी चुकीच्या वेळी हसतो, ते त्याच्या लक्षात येतं, आणि मग तो कार्यक्रमांना यायचंच टाळतो. ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांना मी काय म्हणतेय ते कळेल. आम्ही त्याच्याशी बोलायचो ते पण कसं, जेवलास का, गोळी घेतलीस का, एवढंच. मोठ्याने ओरडून किती आणि काय बोलणार. मी स्वतः त्याच्या भेटी टाळायला लागले होते, त्याची लाज मला आजही वाटते.

एके दिवशी त्याने आपणहून बोर्ड काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं जमणार नाही. पण काय झालं माहितेय, क्रिबेजमधलं बोलणं त्याला कळत होतं! कारण पान समोर दिसतंय, सात टाकल्यावर आठ पडलं की माणूस पंधराच म्हणणार, ओठ हलले तरी आकडा ओळखू येतो, आणि खुंटी किती सरकली ते डोळ्याने दिसतं. शब्द मोजकेच, ठरलेले, आणि प्रत्येक शब्दामागे काहीतरी दिसणारं. कितीतरी महिन्यांनी त्याने कोणाला "काय म्हणालीस?" असं एकदाही विचारलं नाही. आणि मग हात वाटून होईपर्यंतच्या, पिसायच्या वेळेत तो बोलायला लागला. त्याने विषय काढला की मला फक्त मान हलवायची असते, एखादा शब्द बोलायचा असतो, ते एकटं माणूस समोर बसलंय म्हणून त्याला ऐकू येतं. जहाजावरच्या गोष्टी, आजीच्या, माझ्या आईच्या लहानपणच्या, ज्या मी आधी कधीच ऐकल्या नव्हत्या. माझ्या आईला जाऊन आता नऊ वर्षं झाली, आणि तिच्याबद्दल नवीन काहीतरी मला दर गुरुवारी कळतं.

हा जो मधला वेळ असतो ना, पिसायचा, वाटायचा, तो या खेळात अगदी योग्य मापाचा आहे. बुद्धिबळात समोरचा विचार करत असताना तुम्ही बोलू शकत नाही, बोललात तर ते बरं दिसत नाही. इथे दोन-तीन मिनिटं पूर्ण लक्ष, मग अर्धं मिनिट मोकळं, परत लक्ष, परत मोकळं. अवघड विषय त्या अर्ध्या मिनिटात निघतो आणि नको वाटला तर पुढचा हात सुरू होतो, कोणाला उठून जावं लागत नाही. माझ्या मुलाने, तो चौदाचा आहे, परीक्षेत नापास झाल्याचं मला कधी सांगितलं तर माझी क्रिब मोजत असताना. मी म्हणत होते पंधरा सहा, आणि तो म्हणाला, "आई, मी गणितात नापास झालोय." मी मोजणं पुरं केलं, खुंटी सरकवली, तेवढ्यात मला श्वास घ्यायला मिळाला आणि मी त्याच्यावर ओरडले नाही. समोरासमोर बसवून विचारलं असतं तर ना त्याने सांगितलं असतं ना मी शांत राहिले असते.

आणि हो, गणितात नापास झालेला हाच मुलगा क्रिबेजचे हात माझ्यापेक्षा भराभर मोजतो. त्याला चौव्वी, दोन पंज्या आणि दोन छक्क्या दाखवा, एका दमात चोवीस म्हणतो. मामाशी तो आता पूर्ण मगिन्स खेळतो, एकही पॉइंट सोडत नाही आणि मामालाही ते हवं असतं, म्हातारा म्हणून सूट दिलेली त्याला अजिबात खपत नाही. पासष्ट वर्षांचं अंतर आहे दोघांत. नशीब आणि डोकं यांचं मिश्रण असं आहे की रोज एकच जिंकत नाही, त्यामुळे दोघांनाही उद्या परत बसावंसं वाटतं. हरणारा ९१ च्या आत राहिला तर त्याला स्कंक म्हणतात, ती मोठी नामुष्की, आणि त्या दोघांची वर्षभराची स्कंकची वही आहे, ती मामा उशाशी ठेवतो.

एक आकड्यांची गंमत सांगायची राहिली. या खेळात १९ चा हात होऊच शकत नाही, कसेही पत्ते आले तरी. म्हणून ज्याला काहीच लागलं नाही तो पानं टाकून म्हणतो, "एकोणीस!" क्रिबेज खेळणाऱ्यांत हे बऱ्याच ठिकाणी म्हणतात. अनोळखी माणसाबरोबर खेळताना त्याने एकोणीस म्हटलं की आपण दोघंही हसतो आणि ओळख झालेली असते. ऑफिसात नवीन आलेल्या एका मुलीशी माझी ओळख अशीच झाली, सहा महिने आम्ही लिफ्टमध्ये नुसतं हसायचो, मग कळलं तिलाही हा खेळ येतो, आता ती माझी खास मैत्रीण आहे.

मोबाईलवर क्रिबेजची अ‍ॅप आहेत, मी वापरून बघितली. पत्ते छान दिसतात, पण ती तुमचा हात स्वतः मोजतात. पानं उघडली की आकडा आलाच, खुंटी आपोआप पुढे. मी दोन दिवस खेळले आणि काढून टाकलं, कारण त्यात मी कोणाला काही सांगत नव्हते आणि मला कोणी काही सांगत नव्हतं. त्या पत्रलेखक गृहस्थांना जे मोबाईलबद्दल वाटतं ते मला इथे पूर्ण पटतं. पण पत्ते आणि मोबाईल एकच हे नाही पटत. लांब राहणाऱ्यांसाठी त्या अ‍ॅपचा उपयोग असेल, मी कोणाला नावं ठेवत नाही, फक्त तिथे मोजणी बंद करायची सोय असेल तर ती बंद करून फोनवर एकमेकांना मोजून दाखवा असं सुचवेन.

तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्या रविवारच्या पुरवणीत सुडोकू असतं, शब्दकोडं असतं, ब्रिजचं सदर असतं, ते सगळं एकट्याने पेन्सिल घेऊन सोडवायचं. त्याच पानावर बोटभर जागेत एक क्रिबेजचा हात छापता का? चार पानं आणि एक कापलेलं पान, बाकी काही नाही, उत्तर पुढच्या रविवारी. खेळाचे नियम एकदा चौकटीत दिले की पुरे. सुरुवातीला मी स्वतः हात काढून पाठवीन, कितीही पाठवीन, मामाही मदत करायला तयार आहे, त्याने कालच वहीत बावीस हात लिहून ठेवलेत. पहिला इथेच देते, हातात बदामाची तिर्री, किलवरची सत्ती, इस्पिकची अठ्ठी, चौकटची अठ्ठी, आणि कापलेलं पान किलवरची नव्वी. शेजारी जो कोणी बसला असेल त्याला मोठ्यांदा मोजून दाखवा आणि तो काय म्हणतो ते बघा.

कळावे,
आपली एक नियमित वाचक